सेल, सेफ्टी पिन आणि विहिरीवरची मोटर



आज आम्ही माइकसमोर एक कापडी पिशवी घेऊन बसलो आहोत. तिच्यात बिघडलेल्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक आहे, टॉर्चचा एक मोठा सेल आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, एक शिवणाची सुई, एक लांब खिळा आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून मागून आणलेली तांब्याची थोडी तार. दोन सेफ्टी पिना हव्या होत्या, त्या बांगडीतूनच निघाल्या. हे सगळं बघून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अवं माय, हे तं भंगारवाल्याचं दुकान हाय!"

भंगारच आहे. पण या भंगाराशी आम्ही महिनाभर खेळलो, आणि त्याला कारण घडलं होतं.

गव्हाच्या पाण्याचे दिवस होते. आमच्या गटातल्या एका वहिनींचे घरधनी बाहेरगावी गेलेले. शेतीची लाईन रात्रपाळीची. दिवस असता तर शेजारच्या पोराला हाक मारली असती, रात्री कुणाला उठवणार? वहिनींनी धीर करून स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर चालू झालीच नाही, नुसती घूं घूं करत राहिली. त्यांना वाटलं, लाईन कमी आहे, थोड्या वेळाने पुरी येईल. त्या थांबल्या. थोड्याच वेळात जळका वास सुटला आणि मोटर गेली. रिवाइंडिंगचे पैसे गेले, गहू आठ दिवस तहानलेला राहिला. वर घरात बोलणी बसली, "कळत नाही तर हात कशाला लावला?"

त्या दिवशी बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. वहिनींना कळत नव्हतं हे खरं. पण आमच्यातल्या कुणाला कळत होतं? बटण दाबलं की मोटर फिरते, एवढंच आम्हाला माहीत. ती कशाने फिरते, आणि घूं घूं का करते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग ठरवलं, मुळापासून बघायचं. आणि मूळ म्हणजे लोहचुंबक.

पहिला खेळ आपल्या मातीतलाच आहे. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या पडलेल्या नाल्याच्या रेतीतून फिरवा. पूर ओसरल्यावर रेतीत जिथे काळसर रेघा दिसतात, तिथे जास्त फिरवा. वर काढलं की पिशवीला काळ्या मिशा फुटलेल्या दिसतील. तो कणन् कण म्हणजे लोखंडाचं एक खनिज, त्याचं नाव मॅग्नेटाइट. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की सगळे कण खाली पडतात. पिशवी न घालता आम्ही पहिल्यांदा केलं, तर चुंबकाला चिकटलेली ती बारीक पूड अजून निघालेली नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ही काळी पूड आली कुठून? आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर बसला आहे, त्यातून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत थंड झाला. तोच हा बेसाल्ट दगड. आपला जातं-पाटा त्याचाच, विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तोही त्याचाच, आणि कपाशीची काळी जमीन म्हणजे त्याचाच झिजून झालेला भुगा. या दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लोणारचं सरोवर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आकाशातून आलेला दगड याच पाषाणावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तो पन्नास हजार वर्षांपूर्वी पडला असं बरीच वर्षं धरून चालले होते, पण नंतरच्या तपासणीत तो सुमारे पावणेसहा लाख वर्षांचा निघाला. लोणारला गेलं की कुणी ना कुणी सांगतंच, इथले दगड चुंबकाला ओढतात. ओढतात, हे खरं आहे. मात्र थोडंफार तुमच्या शेताच्या बांधावरचा काळा दगडही ओढेल. दोऱ्याला चुंबक टांगून दगडाजवळ न्या, किंचित झुकलेलं दिसतं का ते बघा.

या कणांची आणखी एक गंमत आहे. लाव्हा थंड होताना हे कण पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेने लागले आणि तसेच दगडात गोठले. म्हणजे प्रत्येक दगडात एक होकायंत्र बंद होऊन पडलं आहे. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी आपल्या दख्खनच्या दगडांचे नमुने नेऊन तपासले, तेव्हा दिसलं की हा दगड गोठला त्या वेळी आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. इतका लांबचा प्रवास करून ती इथे आली. आमच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, "म्हंजे आपनही बाहेरगावचेच निंघालो!"

आता होकायंत्र घरी करू. सुईवर चुंबकाचं एकच टोक एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा. पुढे-मागे नाही, टिकल्यासारखं एकाच बाजूला, आणि दर वेळी चुंबक उचलून परत सुरुवातीला न्यायचं. थर्माकोलच्या छोट्या तुकड्यावर सुई ठेवून ती पाण्यात तरंगवा. भांडं प्लॅस्टिकचं, मातीचं किंवा पितळेचं घ्या. सुई हळूहळू वळेल आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबेल. कुठलं टोक उत्तरेचं ते सोपं आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला.

स्टीलचं भांडं नको म्हणालो, कारण काही स्टील चुंबकाला ओढतं आणि सुई भांड्याच्या काठाला जाऊन चिकटते. यावरून आम्ही घरातली सगळी भांडी तपासली. बाजारात विकणारा सांगतो, "ताई, चुंबक चिकटलं तर हलका माल, नाही चिकटलं तर एक नंबर." हे अर्धंच खरं. निकेल घातलेलं चांगलं स्टील चिकटत नाही हे बरोबर, पण निकेल वाचवून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही. तेव्हा नुसत्या चुंबकावर भारी पैसे मोजू नका. इंडक्शनची शेगडी घेणार असाल तर मात्र उलटं आहे. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक पक्कं चिकटतं, तेच तिच्यावर तापतं.

मसाला किंवा तिखट विकणाऱ्या गटांसाठी एक उपयोग सांगतो. कागदावर तिखट पातळ पसरा, पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवा आणि पिशवीला काय लागलं ते पांढऱ्या कागदावर झटका. चक्कीचे लोखंडी भाग झिजतात, त्याची बारीक किस दळणात येते. आमच्या पहिल्याच घाण्यात ती सापडली. तिखटाला पॅकिंगआधी एकदा चुंबकावरून जाऊ देणं आता आम्ही नेमाने करतो. पण लक्षात ठेवा, याने फक्त लोखंड सापडतं. रंग किंवा विटेची भुकटी सापडत नाही.

इथपर्यंत झालं चुंबकाचं. वीज आणि चुंबक यांचं नातं काय?

ते १८२० साली डेन्मार्कमधल्या अर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांना दिसलं. तारेतून वीज सोडली आणि जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. आपल्याला तेच करायचं आहे. पाण्यात तरंगणारी सुई स्थिर झाली की तिच्या अगदी जवळून, तिच्याच दिशेने तांब्याची तार धरा आणि तारेची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. सुई झटकन वळते. तार काढली की परत जागेवर. तार तांब्याची, चुंबकाला चिकटत नाही, तरी वीज जाताच ती चुंबक होते.

हीच तार खिळ्याभोवती पन्नास-साठ वेढे घट्ट गुंडाळली आणि टोकं सेलला लावली, तर खिळा टाचण्या उचलतो. सोडलं की टाचण्या पडतात. बटणावर चालणारं चुंबक झालं हे. फक्त चार-पाच सेकंदांवर धरू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

आमचं पहिल्यांदा हे काही केल्या जमेना. एकही टाचणी हलेना. सेल बदलला, खिळा बदलला. शेवटी आठवीतल्या एका पोरीने विचारलं, "काकू, तार तासली का?" मोटरची तार लाल चकचकीत दिसते ती तांब्यामुळे असं आम्ही समजत होतो. तो चकचकीत थर लॅकरचा असतो, त्यातून वीज जात नाही. तो नसेल तर वेढे एकमेकांना टेकून वीज जवळच्या वाटेने पळेल. म्हणून वेढ्यांवर लॅकर हवंच, आणि सेलला टेकणारी टोकं मात्र ब्लेडने किंवा काचपेपरने तासून गुलाबी करायची. हे लॅकर लक्षात ठेवा, वहिनींच्या मोटरची गोष्ट त्याच्यापाशीच येणार आहे.

आता खरी मजा, मोटर. हा खेळ आमच्या डोक्यातून आलेला नाही. पुण्याला आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून कितीतरी वैज्ञानिक खेळणी करून दाखवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबपासून शिकवणारे ते हेच. ही सेफ्टी पिनांची मोटर त्यांच्या खेळण्यांमधलीच.

तार साधारण सुईच्या जाडीची घ्या. सेलभोवतीच तिचे आठ-दहा वेढे घ्या आणि रिंगण काढून घ्या. दोन्ही टोकं रिंगणाला एक-एक आटी देऊन समोरासमोर बाहेर काढा, दोन बोटं लांब, अगदी सरळ. जणू चाकाचा आस. आता रिंगण उभं धरा. एका टोकाचं लॅकर चहूबाजूंनी तासा. दुसऱ्या टोकाचं फक्त वरच्या अर्ध्या भागाचं, खालचा अर्धा भाग तसाच राहू द्या. सगळी किमया या अर्ध्या तासण्यात आहे.

मग सेलच्या दोन टोकांना एक-एक सेफ्टी पिन उभी लावा, तिच्या बुडाचा गोल वेढा वर येईल अशी. ट्यूबची रिंग कापून ती सेलवर लांबीच्या बाजूने चढवली की पिना घट्ट बसतात. पिनांच्या त्या गोल भोकांत तारेची टोकं अडकवा. सेलवर मधोमध चुंबक ठेवा. सेलचं कवच लोखंडी असतं, त्यामुळे ते आपसूक चिकटतं. रिंगणाला बोटाने हलकी टिचकी द्या.

आमची लगेच फिरली नाही. "काऊन नाई फिरत हे?" म्हणून सगळ्या वाकून बघत होत्या. टोकं वाकडी होती. सरळ केली, दुसऱ्या टिचकीला रिंगण असं भिंगरीसारखं फिरलं की वेढे दिसेनात. आमच्यातल्या एकीने टाळ्या वाजवल्या, आणि वहिनी मात्र गप्प बसून बघत राहिल्या.

का फिरतं? रिंगणातून वीज गेली की ते चुंबक होतं. खालचं चुंबक त्याला ढकलतं, ते अर्धं वळतं. आता तसंच राहिलं असतं तर खालच्या चुंबकाने त्याला तिथेच धरून ठेवलं असतं. पण तेवढ्यात लॅकर असलेला अर्धा भाग पिनेवर येतो, वीज तुटते, पकड सुटते, आणि रिंगण आपल्या झोकात पुढे जातं. परत तासलेला भाग, परत धक्का. झोपाळ्याला आपण दर वेळी नेमका एकाच ठिकाणी धक्का देतो, तसं. चुंबक उलटं ठेवलं तर रिंगण उलटं फिरतं.

आता फिरणारं रिंगण बोटाने अशा जागी अडवा, जिथे वीज सुरू आहे. थोड्याच वेळात तार गरम लागते. सोडा, लगेच सोडा. वहिनींच्या मोटरचं हेच झालं.

विहिरीवरच्या मोटरमध्ये बहुधा वेगळं चुंबक नसतंच. तिथे तारांचीच वेटोळी असतात, आणि तीन फेजची वीज पाळीपाळीने त्यांना चुंबक करत जाते. त्यामुळे चुंबकाची ओढ गोल फिरते आणि मधला दांडा तिच्यामागे ओढला जातो. तीनपैकी एक फेज गेली तर ही ओढ गोल फिरत नाही, एकाच रेषेत इकडून तिकडे होत राहते. थांबलेला दांडा मग सुरू होत नाही, नुसता थरथरतो. घूं घूं ती हीच. फिरणारी मोटर आत येणाऱ्या विजेला स्वतःच अडवत असते. फिरणं थांबलं की तो अडसर जातो, आणि वीज नेहमीच्या कितीतरी पट आत घुसते. तार तापते, लॅकर जळतं, वेढे एकमेकांना टेकतात. तो जळका वास लॅकरचा होता.

म्हणजे घूं घूं ऐकू आलं की लाईन पुरी यायची वाट बघायची नाही. लाल बटण, लगेच. मोटर फिरत असताना मध्येच आवाज बदलला, तरी तेच.

खरं तर अशा वेळी स्टार्टरने स्वतःच बंद पडायला हवं. त्यात ओव्हरलोड रिले नावाचा भाग त्यासाठीच असतो. वहिनींच्या स्टार्टरचा रिले सारखा बंद पडतो म्हणून कुणीतरी मागे केव्हातरी तार टाकून तो बाजूला काढून ठेवला होता. उघडून बघितलं तेव्हा कळलं. तेव्हा ज्या घरात "हात कशाला लावला" म्हणून बोलणी बसली होती, तिथे आम्ही दोघी-तिघी मुद्दाम जाऊन हेही सांगून आलो. मोटर वहिनींच्या हाताने जळाली नव्हती.

हे सगळं उलटंही चालतं. तारेत वीज सोडली की चुंबकाजवळ ती फिरते, तसं तारेजवळ चुंबक फिरवलं की तारेत वीज निघते. लोहाराच्या घरात जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरेडे यांनी हे १८३१ मध्ये दाखवलं. सायकलचा डायनामो आठवतो? चाकाला टेकवला की दिवा लागायचा. आपल्या शेजारी अकोला जिल्ह्यात पारसला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, ती वाफ चाक फिरवते आणि चाकाबरोबर चुंबक. मोठा डायनामोच तो. पोरांच्या मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घेऊन तिच्या दांड्याला दोरा गुंडाळून जोरात ओढला, तर तिला जोडलेला लाल एलईडी क्षणभर लुकलुकतो. नाही लागला तर एलईडीची टोकं उलटी जोडा.

आता भीतीबद्दल बोलू. कारण आम्ही बायांना "वीज हाताळा" म्हणतोय, आणि ऐकणाऱ्या घरात लहान पोरंही आहेत.

सेल दीड व्होल्टचा असतो. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, टाकी जितकी उंच तितकं नळाला पाणी जोरात, तसं. दीड व्होल्टच्या दाबाने आपल्या कातडीतून कळेल इतकी वीज जातच नाही, म्हणून हे सगळे खेळ फक्त टॉर्चच्या सेलवर करायचे. घरातली वीज २३० व्होल्टची, मोटरची तीन फेजची त्याहून जास्त, चारशेच्या वर. टॉर्चचा जुना छोटा बल्ब जेवढी वीज घेतो, तिच्या दहाव्या भागाइतकी जरी छातीतून काही क्षण गेली तरी माणसाचा जीव जाऊ शकतो. हात ओले असतील तर कातडी तिला अडवतही नाही. खेळातली तार बोर्डाच्या भोकात कुणीही घालून बघायची नाही, पोरांना हे एकदा नाही, दहादा सांगा. ट्रॅक्टरची किंवा मोटारसायकलची बॅटरीही नको, मोबाइलची तर नकोच. त्यात इतका जोर असतो की तार लाल होऊन भाजते किंवा आग लागते.

छोटी चकचकीत चुंबकं लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबकं गिळली तर ती पोटात आतड्यांच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिरडतं. पोराने चुंबक गिळल्याची शंका जरी आली, तरी थांबू नका, तडक दवाखाना.

आणि वायरवर कपडे वाळत घालणं, ओल्या पायाने स्टार्टरशी जाणं, आकडा टाकणं, ही भीती सोडायची नाही, धरूनच ठेवायची. स्टार्टरच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "थोडा करंट मारतो" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पेटीच्या अर्थिंगमध्ये दोष आहे, बटण दाबण्याआधी वायरमनला बोलवा. कुणी चिकटलंच तर धावत जाऊन माणसाला धरायचं नाही, आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने तार दूर करायची. घरातली वायरिंग नवी करत असाल तर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायला सांगा. शॉक बसताच तो लाईन तोडतो, त्याच्या खर्चात काटकसर करू नका.

वहिनींनी आता स्टार्टरशेजारी तीन छोटे दिवे लावून घेतलेत, फेजला एक. तिन्ही लागलेले दिसले तरच त्या बटण दाबतात. पायात रबरी चप्पल, हात पदराला कोरडे पुसून. रिलेही दुरुस्त झाला. परवा दोन दिवे लागले, तिसरा लागेना, तेव्हा त्यांनी घरी फोन केला, "एक फेज नाही, मी मोटर लावत नाही." पलीकडून विचारणा झाली, "तुले कसं समजलं?"

ही मोटर कुणाला बघायची असेल तर ती आमच्याकडे बुधवारच्या बैठकीत चालू असते. येताना तार रिवाइंडिंगवाल्याकडून मागून आणा, तुकडे पडलेलेच असतात, बहुतेक जण पैसे घेत नाहीत. ब्लेड आणि काचपेपर आमच्याकडे आहे.